केशर खरं आहे का? आणि खरं असलं तरी चांगलं आहे का?

दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी. चाळीस माणसांच्या मसाला दुधाची ऑर्डर होती आणि दूध मंद गॅसवर आटत होतं. मी वाटीभर गरम दूध काढून घेतलं आणि त्यात चिमूटभर केशर टाकलं. डबी त्याच वर्षी मे महिन्यात काश्मीरच्या सहलीत घेतलेली. हाउसबोटीपाशी शिकाऱ्यातून आलेल्या विक्रेत्याने "असली मोंगरा" (म्हणजे काश्मिरी केशराची वरची प्रत) म्हणून दिली होती, आणि घासाघीस करून पाच ग्रॅम सातशे रुपयांत मिळवल्याचा मला कोण आनंद झाला होता! दोन मिनिटांत वाटीतलं दूध शेंदरी झालं. काड्या मात्र पांढुरक्या पडून वर तरंगायला लागल्या. नाक वाटीत खुपसलं, तर दुधाचा वास आला. फक्त दुधाचा.

घरगुती श्रीखंड-बासुंदीच्या ऑर्डरी मी बारा वर्षं घेते आहे, तरी फसले. कारण सोपं आहे. डबी मी घेताना तपासली नाही, वापरताना तपासली. तेव्हापासून नवीन डबी आली की तिच्यातल्या आठ-दहा काड्या चाचणीसाठी खर्ची घालते. ते कसं करते, कशावर विश्वास ठेवते आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कोणत्या युक्त्यांना विचारत नाही, ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपण "केशर असली आहे का" असा एकच प्रश्न विचारतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. हे केशरच आहे का? केशर असेल तर फुलाचा कोणता भाग आहे? आणि तो भागही बरोबर असेल, तर किती जुना आणि किती कोरडा आहे? पहिल्या प्रश्नाला पास होणाऱ्या कितीतरी डब्या पुढच्या दोन प्रश्नांत नापास होतात. दुकानदार खोटं बोललेला नसतो आणि तरी आपले पैसे वाया गेलेले असतात.

घेण्याआधी थोडा हिशेब

केशराचं फूल जांभळं असतं. त्यात तीन पिवळे पुंकेसर असतात, आणि मधून एक पिवळसर देठ निघतो, जो वर तीन लाल तंतूंत फुटतो. हे लाल तंतू म्हणजे केशर. (नावात 'केसर' असलं तरी हे पुंकेसर नव्हेत, स्त्रीकेसराचं टोक आहे. त्याला शाळेत आपण कुक्षी म्हणायचो. हा फरक पुढे भेसळ ओळखताना उपयोगी पडतो.) एका फुलातून तीन काड्या. वाळल्यावर वजन जवळजवळ पाचपट घटतं. साधारण दीडशे फुलं खुडली, साडेचारशे काड्या हाताने वेगळ्या केल्या आणि वाळवल्या, की एक ग्रॅम केशर होतं. किलोला दीड लाखाच्या आसपास फुलं. काश्मीरमध्ये हा बहर ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतो. फुलं भल्या सकाळी खुडायची, कारण उन्हं चढली की ती मलूल होतात.

आता तुम्हीच सांगा, ग्रॅमला ऐंशी-शंभर रुपयांत हे कसं बसणार? गेल्या दोन-तीन वर्षांत चांगल्या काश्मिरी मोंगऱ्याला मी ग्रॅममागे ३५० ते ६०० रुपये मोजले आहेत. चारशे धरले, तर साडेचारशे काड्यांच्या ग्रॅममध्ये एक काडी पडते ९० पैशांना. मी केशराकडे आता असंच बघते: एक काडी, जवळजवळ एक रुपया. माझी सातशेची डबी म्हणजे ग्रॅमला १४० रुपये झाले. त्या दिवशी गणित केलं असतं तर तिथेच कळलं असतं.

उलट बाजूही सांगते. महाग म्हणजे खरं, असंही नाही. फसवणाऱ्याला किंमत वाढवायला काहीच खर्च येत नाही. स्वस्त डबी बाजूला ठेवायला भाव उपयोगी पडतो, महाग डबी घ्यायची की नाही हे त्यावरून ठरत नाही.

अर्ध्या ग्रॅमच्या डबीत दोनशे ते सव्वादोनशे काड्या हव्यात. डबी जड असते आणि आत कागद, कापूस, सोनेरी चकती असते, त्यामुळे हाताला वजन भासतं ते बहुतेक डबीचंच. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता फार महाग नाही. माझ्यासारखं वरचेवर घेणार असाल तर एक घेऊन ठेवा. एकदा माझी एक ग्रॅमची डबी ०.८ ग्रॅम भरली होती. माल खरा होता.

डबीवर काय वाचायचं

निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, हे तीन नसतील तर पुढे वाचूच नका. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि क्रमांक भलत्याच कुणाच्या नावावर निघाला तर उरलेल्या चाचण्यांचा त्रास वाचतो.

मग प्रतीचा शब्द बघा. काश्मिरी व्यापारात दोन शब्द मुख्य: मोंगरा आणि लच्छा. मोंगरा म्हणजे फक्त वरचा लाल भाग, देठ काढून टाकलेला. लच्छा म्हणजे लाल भागाला जोडलेल्या पिवळ्या-पांढऱ्या देठासकट आख्खी काडी. लच्छा भेसळ नव्हे. पण देठात ना रंग ना वास, आणि वजनात मात्र तो धरला जातो. म्हणून लच्छा मोंगऱ्यापेक्षा स्वस्त मिळायलाच हवा. इराणी मालावर 'नेगिन', 'सरगोल' किंवा 'पुशाल' असे शब्द दिसतील. नेगिन आणि सरगोल हे सगळे लाल, पुशालला थोडं पिवळं शेपूट असतं.

काही डब्यांवर 'आयएसओ ३६३२' असं लिहिलेलं असतं. ही केशराच्या तपासणीची आंतरराष्ट्रीय पद्धत. केशराचा अर्क काढून त्यातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पाठवतात आणि रंगाची ताकद आकड्यात मोजतात. आकडा २०० किंवा वर असेल तर पहिली प्रत, १७० ला दुसरी, १२० ला तिसरी. कुणी "क्रोसिन २३०" असं लिहिलं असेल तर तो हाच रंगाचा आकडा (क्रोसिन म्हणजे केशरातला रंग देणारा घटक). त्याच तपासणीत कडूपणा आणि वासही मोजतात आणि ओलावा काड्यांमध्ये १२ टक्क्यांवर चालत नाही. नुसता आकडा छापायला कुणीही छापेल. कोणत्या प्रयोगशाळेने कोणत्या बॅचचा अहवाल दिला, हे विक्रेता दाखवू शकतो का, ते विचारा. चांगले विक्रेते दाखवतात, आणि विचारल्याबद्दल रागावत नाहीत.

काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पांपोरजवळ दुस्सू इथे सरकारी केशर व्यापार केंद्र आहे. तिथे माल तपासून प्रत ठरवतात. मानांकनाचा माल म्हणून घेत असाल तर पाकिटावरचा क्यूआर कोड तिथेच दुकानात मोबाइलवर उघडून बघा, घरी येऊन नको.

काडी बघायची ती भिंगातून

पारदर्शक डबीत वरच्या थरावर सुंदर काड्या असतात आणि खाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून पहिलं काम, डबी पांढऱ्या कागदावर हलक्या हाताने पूर्ण उलटी करा. खाली भुसा किती पडला, काड्या एकमेकींना चिकटल्या आहेत का, रंग एकसारखा आहे का, हे आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. मग पाच-सहा काड्या वेगळ्या काढून भिंगाखाली धरा. मुलांचं शाळेचं भिंग पुरतं, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करा.

खऱ्या काडीचा आकार एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही. खालच्या टोकाला ती दोऱ्यासारखी बारीक असते आणि वर जाताना रुंद होत तुतारीसारखी उघडते. तुतारीची कड सरळ कापलेली नसते, थोडी झालरीसारखी कातरलेली असते. वाळल्यावर काडी पिळवटते, त्यामुळे शंका आली तर दोन काड्या कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून बशीत पसरा. काडी फुगून उलगडते आणि तुतारी स्पष्ट दिसते, एका बाजूला उभी चीर असलेली.

आता नकली काय काय निघतं, ते.

मक्याच्या कणसाचे केस रंगवून विकतात. एफएसएसएआयने घरगुती भेसळ-चाचण्यांची जी पुस्तिका काढली आहे तिच्यातही याचाच उल्लेख आहे: मक्याचं कणीस साखरेत भिजवून त्याला डांबरी रंग, म्हणजे डांबरापासून बनवलेला कृत्रिम रंग, द्यायचा. कणसाचा केस वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असतो. तुतारी नाही, झालर नाही. एकदा भिंगातून बघितला की संपलं.

करडईच्या पाकळ्या हा महाराष्ट्रात आपल्याला सगळ्यात जवळचा प्रकार. सोलापूर, मराठवाड्याकडे करडईचं शेत ज्याने बघितलं असेल त्याला ती शेंदरी फुलं माहीत असतीलच. वाळलेली करडई लांबून बऱ्यापैकी केशरासारखी दिसते. भिजवली की मात्र बारीक नळी आणि तिच्या टोकाला पाच अरुंद पाकळ्या दिसतात, म्हणजे ते एक छोटं आख्खं फूलच असतं. या करडईलाच 'अमेरिकन केशर' म्हणून बी विकणारे लोक शेतकऱ्यांना गाठतात. त्यावर एकच उत्तर पुरे: केशराला बी धरतच नाही. केशर वांझ आहे, ते फक्त कंदातून वाढतं. जो कुणी केशराचं बी विकतो तो दुसरंच काहीतरी विकतो.

झेंडूच्या पाकळ्या बारीक चिरून, कागदाचे आणि जिलेटिनचे तंतू रंगवूनही मिसळतात. हे सगळं भिंगाखाली उघडं पडतं. सगळ्यात अवघड भेसळ वेगळीच आहे. ती केशराचीच केशरात असते. मोंगरा करताना काढून टाकलेले पिवळे देठ, किंवा फुलातले पिवळे पुंकेसर, लाल रंगवून परत मिसळायचे. वास खऱ्या केशराचा येतो, कारण खऱ्या केशरात ते मिसळलेले असतात. यासाठी नियम एकच लक्षात ठेवा. काडीला शेपूट असेल, तर ते शेपूट पिवळं किंवा पांढुरकं हवं. बारीक खालचा भागही वरच्याइतकाच लालभडक असेल, तर त्याला रंग दिलेला आहे. काही जुन्या गिऱ्हाइकांना लच्छाच हवा असतो. त्यांचं मला आता पटतं. देठ पिवळा दिसला की निदान रंग चढवलेला नाही, एवढं तरी कळतं.

पाण्यात टाकायचं, पण घड्याळ लावून

ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेक जण ती चुकीची करतात. दूध वापरू नका, दुधात रंग नीट दिसत नाही. उकळतं पाणी वापरू नका, त्यात खरं केशरही पटकन रंग सोडतं आणि तुमची फसगत होते. साध्या पेल्यात खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, पेला पांढऱ्या कागदावर ठेवा, तीन-चार आख्ख्या काड्या सोडा. तुटलेला चुरा नको, तो लवकर रंग देतो. आणि ढवळू नका.

खऱ्या काडीभोवती पहिल्या मिनिटात फारसं काही होत नाही. मग काडीपासून पिवळ्या रंगाचा एक बारीक दोरा खाली उतरायला लागतो. लाल नाही, पिवळा. दहा-पंधरा मिनिटांत पाणी फिकं सोनेरी होतं, तासाभरात गडद, उन्हात धरलं तर मधासारखं. या सगळ्या वेळात काडी लालच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली तरी ती पूर्ण पांढरी झालेली नसते. त्याच काड्या काढून नव्या पाण्यात टाकल्या तर अजून पिवळं देतात.

नकली काडी घाईत असते. दहा सेकंदांत तिच्याभोवती लाल किंवा शेंदरी ढग येतो, पाणी लालसर होतं आणि काडी फिकी पडते. रंग वरून चढवलेला असतो, त्यामुळे धुतला की गेला. माझ्या शिकाऱ्यातल्या डबीचं नेमकं हेच झालं होतं.

तरी या चाचणीच्या भरवशावर सगळं सोडू नका. करडई पिवळा रंगही देते आणि तितक्या घाईतही नसते. हुशारीने रंगवलेली काडीही थोडा धीर धरते. पाणी बघायचं, पण भिंगातून दिसलेल्या आकाराबरोबर जोडून बघायचं. दोन्ही एकच सांगत असतील तरच निकाल लावा. आणि तळाशी बारीक पांढरा गाळ बसला असेल तर त्याची नोंद घ्या. वजन वाढवायला खनिजाची पूड लावण्याची युक्ती फार जुनी आहे.

खरं निघालेल्या केशराचं पाणी फेकायचं नाही, हे सांगायला नकोच. साखरभातात जातं.

तेलाची एक चाचणीही उपयोगी आहे, पण ती फार कमी लोक करतात. केशराचा रंग पाण्यात उतरतो, तेला-तुपात जवळजवळ उतरतच नाही. चमचाभर गोड्या तेलात दोन काड्या अर्धा तास ठेवा. तेल लाल झालं, तर रंग बाहेरून दिलेला आहे आणि तोही तेलात विरघळणारा, जो खाण्यातला नसण्याचीच शक्यता जास्त. याचा स्वयंपाकातही उपयोग आहे. केशर तुपात परतलं की रंग येत नाही म्हणून पुष्कळ जणी तक्रार करतात. आधी दोन चमचे कोमट दुधात भिजवा, मग ते दूध घाला.

जीभ, नाक आणि बोट

काडी जिभेवर ठेवा आणि हळू चावा. केशर कडसर लागतं. आपण गोडाच्या पदार्थात खातो म्हणून केशर गोड असतं असा समज आहे, पण वास गोडसर असला तरी चव गोड नसते. गोड लागलं तर साखरेचं पाणी, मध किंवा ग्लिसरीन लावलेलं आहे, वजन वाढवायला आणि काडी मऊ, ताजी दिसायला. काहीच चव लागली नाही तर तो केस किंवा पाकळी आहे. जिभेवर लाल डाग पडला तरी संशय घ्या. खऱ्या केशराचा डाग पिवळा पडतो.

वास सांगायला अवघड. वाळलेल्या गवताचा आणि मधाचा मिळून, मागे किंचित औषधी झाक. डबी उघडताच नाकात भसकन घुसणारा, अत्तरासारखा किंवा आइस्क्रीमसारखा वास आला तर इसेन्स आहे. हा वास ताज्या फुलातल्या काडीला नसतोच, काडी वाळवताना तयार होतो. म्हणून चांगलं वाळवलेलं आणि वाईट वाळवलेलं केशर नाकालाच कळतं. अर्धवट वाळलेल्याला कोंदट, दमट वास येतो.

मग बोट. काडी दोन बोटांत धरून वाकवा. नीट वाळलेली काडी थोडी वाकून तुटते. रबरासारखी लवचीक असेल तर ओलावा किंवा तेल आहे. टिश्यू पेपरच्या घडीत चार काड्या ठेवून वरून वाटीने दाबा आणि दहा मिनिटं तशाच राहू द्या. कागदावर तेलकट डाग उमटला की कळलं. ओलावा ही केशरातली सगळ्यात सरकारी भेसळ म्हणावी लागेल, म्हणजे कुणालाच गुन्हा वाटत नाही अशी. दहा ग्रॅमच्या मालात एक ग्रॅम पाणी जास्त राहिलं, तर तुम्ही चारशे रुपयांचं पाणी घेतलंत, आणि वर त्या मालाला बुरशी लवकर येणार.

आता पूड. केशराची तयार पूड मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. आकार गेला की भिंगाची चाचणी गेली, आणि उरतं ते नशीब. घरात आलीच असेल तर एक करून बघा. चिमूटभर पूड थोड्या पाण्यात कालवून त्यात खाण्याचा सोडा टाका. हळद मिसळली असेल तर पाणी तांबूस होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं, तीच ही गोष्ट. व्हॉट्सॲपवर हीच सोड्याची चाचणी काड्यांसाठी फिरते, "पिवळं झालं तर असली" म्हणून. काड्यांवर ती करून मला कधी काही कळलेलं नाही. हळद शोधायलाच ती बरी.

खरं आहे, पण दमलेलं

यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं लांबण लावते. सगळ्या चाचण्या पास झाल्या, पण बासुंदीला ना रंग आला ना वास. असं झालं तर केशर जुनं आहे. प्रकाश, हवा आणि दमटपणा, तिन्ही त्याचे वैरी. रंग देणारा घटक उजेडात मोडतो, वास देणारा उडून जातो. जुनी काडी विटकरी-तपकिरी होते, चमक जाते, आणि बोटांत धरताच भुगा होतो. नवीन काडीचा लाल खोल असतो, जवळजवळ मरून, आणि तिला हलकी तकाकी असते.

नवीन पीक नोव्हेंबरात निघतं, वाळवून, निवडून बाजारात यायला डिसेंबर उजाडतो. मी वर्षाचं केशर डिसेंबर ते फेब्रुवारीत घेते. पॅकिंगची तारीख म्हणजे काढणीची तारीख नव्हे, हे ध्यानात ठेवा. दोन वर्षांपूर्वीचा माल काल भरला तरी त्यावर कालचीच तारीख पडते. "कोणत्या हंगामाचं आहे?" एवढंच दुकानदाराला विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर कमी घ्या, अर्धा ग्रॅम, आणि घरी चाचणी करून पुन्हा या. क्रॉफर्ड मार्केटच्या सुक्या मेव्याच्या गल्लीत मी असंच करते. सणासुदीच्या गर्दीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी, तिथे जाऊन केशर घेण्याचा मूर्खपणा मात्र एकदाच केला.

दुकानाच्या काचेत उन्हात मांडून ठेवलेली डबी कधीच घेऊ नका, ब्रँड कितीही मोठा असो. आतून, बंद खोक्यातली मागा.

काश्मिरी की इराणी

जगातलं बहुतांश केशर, नव्वद टक्क्यांच्या आसपास, इराणमध्ये पिकतं, मुख्यतः खोरासान भागात. काश्मीरचं पीक त्या मानाने चिमूटभर, पांपोर आणि आसपासची पठारं, थोडं किश्तवाड. श्रीनगरहून पहलगामला जाताना पांपोर, लेथपोरा लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केशराची दुकानं आहेत, गाडी थांबते, कहवा मिळतो. मे महिन्यात मागची शेतं ओकीबोकी असतात, कारण फूल ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. ज्या भावाने बाजारात काश्मिरी म्हणून केशर विकलं जातं, त्यामुळे इराणी माल काश्मिरी डबीत शिरण्याचा मोह होतोच.

हा फरक घरी ओळखता येत नाही, असं मी स्पष्ट सांगते. काश्मिरी काडी जाड, गडद आणि वासाला दणकट असते असं म्हणतात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण उत्तम इराणी नेगिन शेजारी ठेवलं तर मी डोळे मिटून ओळखू शकणार नाही. बासुंदीला दोन्ही चालतात. माझा आक्षेप इराणी असण्याला नाही, काश्मिरीचा भाव लावून इराणी देण्याला आहे. इराणी असेल तर इराणी म्हणून, त्या किमतीला द्या.

बाजारातल्या 'केशर श्रीखंडा'बद्दलही एक वाक्य. डब्यामागची घटकांची यादी वाचा. तिथे रंग १०२ किंवा ११० असे आकडे दिसले तर पिवळेपणा केशराचा नाही, टार्ट्राझिन किंवा सनसेट यलोचा आहे. हे रंग मर्यादेत वापरायला परवानगी असते, पण केशराचे पैसे देताना ते माहीत असलेलं बरं.

आणि गरोदर सुनेला रोज केशराचं दूध देणाऱ्या सासूबाईंना: बाळ त्याने गोरं होत नाही. चवीपुरत्या दोन-चार काड्यांचं ठीक, पण मूठभर घालण्याचा आग्रह नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा नेम नको. नकली डबी असेल तर त्या बाईच्या पोटात रोज डांबरी रंग जातो, ही भीती मला जास्त वाटते.

फसलात तर

डबी, बिल आणि उरलेला माल जपून ठेवा, चाचणीचे फोटो काढा. ऑनलाइन घेतलं असेल तर परत करण्याच्या मुदतीतच पाण्याची चाचणी उरका, आठवडाभर डबी कपाटात ठेवून मग नको. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये ग्राहकाला स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायची सोय आहे. फी आधी आपण भरायची, आणि अहवालात दोष निघाला तर ती परत मिळते. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर करता येते. एका ग्रॅमसाठी हे सगळं कोण करतो, असं वाटेल. मीही शिकाऱ्यातल्या डबीसाठी केलं नाही, कारण बिलच नव्हतं. आता बिलाशिवाय घेत नाही.

ठेवायचं कसं

पारदर्शक प्लास्टिकची डबी ही फक्त दुकानातून घरी येईपर्यंतची. घरी आल्यावर काड्या काचेच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, बाटली ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि गॅसपासून लांब, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात झाकण उघडायचं तर चमचाही पुसून कोरडा करून घ्या, ओल्या बोटांनी चिमूट उचलू नका. फ्रिजमध्ये ठेवलंत तर बाटली बाहेर काढल्यावर खोलीइतकी कोमट होऊ द्या, मगच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

वापरताना पळी किंचित गरम करून खाली उतरवा, काड्या तिच्यावर क्षणभर फिरवा, मग चिमूटभर साखरेबरोबर खलबत्त्यात घोटा आणि चमचाभर कोमट दुधात निदान वीस मिनिटं भिजू द्या. लिटरभर आटीव दुधाला वीस-बावीस काड्या पुरतात.

बाटलीवर घेतल्याचा महिना लिहून ठेवते. सध्याच्या बाटलीवर 'डिसेंबर' आहे, तळाशी साठेक काड्या उरल्या आहेत. कोजागिरीला तेवढ्या पुरतील.